न दिसणारी वस्तू विकताना

"गॅस संपलाय. भरावा लागेल. तीन हजार होतील."

मे महिन्याची दुपार. घरातलं तान्हं मूल घामानं किरकिरतंय आणि एसीवाला स्टुलावरून खाली न उतरताच हे सांगतोय. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा खरं बोलतोय की मला बनवतोय? ते कळायला त्याच्याकडे काही मार्ग नसतो. गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजवरचा काटा त्याला वाचता येत नाही. पैसे मोजले आणि एसी गार झाला, तरी गॅस खरंच कमी होता की नुसती कॉइल धुतल्यानं फरक पडला, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीत एसी दुरुस्तीचं काम करतो. फोन घेणं, कामं लावणं आणि हिशेब ठेवणं माझ्याकडे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मार्केटिंगबद्दल जे सल्ले कानावर येतात, ते बहुतेक साबण, कपडे, मोबाइल विकणाऱ्यांसाठी तयार झालेले असतात. आमच्यासारख्या सेवा देणाऱ्यानं ते जसेच्या तसे उचलले, तर पैसे जातात आणि गिऱ्हाईक टिकत नाही. याचं मूळ त्या स्टुलाखाली उभ्या माणसाच्या शंकेत आहे. तिथूनच सुरुवात करू.

अर्थशास्त्रात विकायच्या गोष्टींचे तीन प्रकार मानतात. पहिल्यात बघून कळतं. मंडईत वांगी घेताना आपण उलटसुलट करून बघतो, कीड दिसली की बाजूला ठेवतो. दुसऱ्यात वापरून कळतं. खानावळीचं जेवण जेवल्याशिवाय समजत नाही, पण एकदा जेवलं की समजतं. हा फरक फिलिप नेल्सन यांनी 1970 साली मांडला. तीन वर्षांनी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला: वापरल्यावरही कळत नाही, नुसता विश्वास ठेवावा लागतो. गाडीचं गॅरेज, दातांचा दवाखाना, पेस्ट कंट्रोल, विम्याचा सल्ला आणि आमचा एसी या तिसऱ्या खणात बसतात.

तुमचा धंदा कुठल्या खणात आहे, हे ठरवल्याशिवाय जाहिरातीवर रुपयासुद्धा घालू नका. खानावळ, शिकवणी, ब्युटी पार्लर, योगाचा वर्ग हे दुसऱ्या खणातले. तिथं उपाय सरळ आहे: चव द्या. एक दिवसाचा डबा, एक डेमो लेक्चर, पहिल्या आठवड्याचे दोन वर्ग. माणूस स्वतः अनुभव घेतो आणि ठरवतो. तिसऱ्या खणात मात्र चव देऊन काही साधत नाही. फुकट तपासणी केली, तरी त्या तपासणीत सांगितलेलं खरं कशावरून, हा प्रश्न तसाच उरतो. उलट 'फुकट' म्हटलं की शंका वाढते, कारण फुकट आलेला माणूस काहीतरी बिघाड काढल्याशिवाय जाणार नाही, हे लोकांना माहीत असतं.

याच 1970 साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचं सार आमच्या धंद्याला अगदी लागू पडतं. खरेदी करणाऱ्याला चांगली गाडी आणि खटारा यांतला फरक ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणाऱ्याला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मागे खटारे उरतात, मग किंमत आणखी खाली येते. एसीच्या कामात हेच चालतं. सगळेच फसवतात असं एकदा मनात बसलं की माणूस म्हणतो, मग स्वस्तातला तरी बोलावू. त्या दरात नीट काम करणारा टिकत नाही. जो टिकतो, तो कपॅसिटरसारखा सुटा भाग गरज नसताना बदलून भरपाई करतो. अ‍ॅकरलॉफ यांना 2001 साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्यातल्या स्पेन्स यांनी सुटकेची वाट दाखवली होती: चांगल्यानं अशी खूण दाखवावी, जी खोट्याला परवडणारच नाही.

माझ्या मते सेवेचं सगळं मार्केटिंग या एका वाक्यात आहे. 'आम्ही प्रामाणिक आहोत' असं पॅम्प्लेटवर छापणं खोट्यालाही परवडतं, म्हणून त्याला किंमत नाही. 'वीस टक्के सूट' देणंही त्याला परवडतं. सूट तर उलटी लागते. काम डोळ्यांना दिसत नसलं की लोक दरावरूनच दर्जाचा अंदाज बांधतात, आणि फार स्वस्त म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय असं धरून चालतात.

मग खोट्याला न परवडणारं काय? गॅसचंच बघू. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरला तर काही दिवसांत पुन्हा तेच. कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅस कमी, असंही नाही. फिल्टर तुंबला तरी बर्फ धरतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: आधी फिल्टर आणि कॉइल धुवायची, मग गेज लावायचं. तरीही दाब कमी दिसला, तर नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरायचा, जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि घरातल्या माणसाला खिडकीशी बोलवायचं. नळीच्या जोडावरच्या फ्लेअर नटपाशी फेसाचे बुडबुडे फुगताना दिसले की समजावून सांगायला वेगळं काही लागत नाही. एकदा एका आजोबांनी चष्मा पुसून पाच मिनिटं ते बुडबुडे पाहिले आणि म्हणाले, "आजवर तिघांनी गॅस भरला, पण हे कुणी दाखवलं नाही." पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्या बिल्डिंगमधून चार फोन आले.

बुडबुडे दाखवायला अर्धा तास जास्त जातो. गळती नसताना गॅस भरणाऱ्याला ते करताच येणार नाही. ही झाली खूण. काढलेला जुना भाग पिशवीत घालून घरमालकाच्या हाती देणं, ही दुसरी. 'तीस दिवसांत पुन्हा पाणी गळलं तर एक पैसा न घेता येऊ' असं बिलावर लिहून देणं, ही तिसरी. जो ड्रेन पाइप नीट साफ करतो, त्याला या हमीचा खर्च जवळपास शून्य येतो. जो वरवर पुसतो, त्याला ती दर आठवड्याला महागात पडते. म्हणून हमी ही सूट देण्यापेक्षा कितीतरी चांगली जाहिरात आहे. फक्त ती तोंडी नको, कागदावर हवी, तारखेसकट.

मार्केटिंग शिकवताना पूर्वी चार गोष्टी सांगत: वस्तू, किंमत, विक्रीची जागा, प्रसार. सेवेला ते पुरत नाही म्हणून 1981 साली बर्नार्ड बूम्स आणि मेरी जो बिट्नर यांनी आणखी तीन जोडल्या: माणसं, कामाची पद्धत आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा. ही यादी पाठ करायची काही गरज नाही. मुंबईचे डबेवाले बघा. ही सेवा 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली. पांढरी टोपी, डब्यावरची रंगीत खूण आणि रोज वेळेवर पोचलेला डबा, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. आमच्या कामात पुरावा म्हणजे दाराशी काढलेले बूट, पलंगावर अंथरलेलं प्लास्टिक, इनडोअर युनिटखाली पाणी झेलायला बांधलेली पिशवी, आणि जाताना पुसलेली फरशी. गिऱ्हाइकाला कॉम्प्रेसर समजत नाही, फरशी समजते. फरशी इतकी जपणारा माणूस यंत्रही जपत असेल, असा तो अंदाज बांधतो, आणि बहुतेकदा तो बरोबर असतो.

आता सेवेच्या दुसऱ्या अडचणीकडे येऊ. साबण आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. आमचा मंगळवार दुपारचा तीन ते चारचा तास रिकामा गेला, तर तो गोदामात ठेवता येत नाही. गेला तो गेला. आणि मे महिन्यात जो तास मुळात आपल्याकडे नाही, तो कुठून विकतही आणता येत नाही.

समजा, दोन टेक्निशियन आहेत. एकाच भागात कामं असली तर एकाच्या दिवसाला पाच सर्व्हिसिंग होतात. मे महिन्यात दिवसाला पंधरा फोन येतात, करू शकतो दहा. जुलैत पाऊस लागला की तीन फोन. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? हंगाम आला म्हणून एप्रिल-मे मध्ये जाहिरात करतात. मग पंधराचे पंचवीस फोन होतात, पंधरा जणांना 'उद्या येतो' सांगावं लागतं, आणि त्या न पाळलेल्या उद्यामुळे बदनामी होते. पैसे देऊन नाराज माणसं गोळा केल्यासारखं होतं. हे आम्ही एका वर्षी स्वतः केलंय, आणि त्या उन्हाळ्यातली नाराज गिऱ्हाइकं पुढे कधी परतली नाहीत.

जाहिरात रिकाम्या महिन्यांत करायची असते. आम्ही फेब्रुवारीत जुन्या गिऱ्हाइकांना सर्व्हिसिंग कमी दरात देतो, कारण तेव्हा तास रिकामे असतात. वार्षिक करार करणाऱ्याला उन्हाळ्याआधी एक, दिवाळीनंतर एक अशा दोन फेऱ्या मिळतात, आणि मे महिन्यात बिघाड झाला तर त्याचा नंबर आधी लागतो. कराराची खरी गंमत दरात नाही, या 'आधी'मध्ये आहे. कामं वर्षभर पसरली की टेक्निशियनला बाराही महिने पगार देता येतो. पावसाळ्यात घरी बसवलेला चांगला कारागीर पुढच्या मार्चमध्ये परत येईलच, याचा भरवसा नसतो. क्लासवाल्यांना हेच गणित एप्रिलमध्ये, केटरिंगवाल्यांना लग्नाचे मुहूर्त नसताना, तर पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांना महिन्याच्या मधल्या आठवड्यांत सोडवावं लागतं.

नवं गिऱ्हाईक किती रुपयांना पडतं, हा हिशेब फार थोडे लोक मांडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, पेपरात घालायला 5,000 पॅम्प्लेट छापली. छपाई आणि पेपरवाल्याचे मिळून 7,500 रुपये गेले. त्यातून 15 कामं आली. म्हणजे एक गिऱ्हाईक 500 रुपयांना पडलं. सर्व्हिसिंगचे 700 घेतले, मजुरी-पेट्रोल-सामान जाऊन 300 उरले. पहिल्या फेरीत 200 रुपये तोटा! हा माणूस पुन्हा आलाच नाही, तर जाहिरात तोट्यातच गेली. पण तो वर्षातून दोनदा असा चार वर्षं राहिला, तर आठ फेऱ्यांचे 2,400 झाले, आणि जाहिरातीचे 500 वजा करून 1,900 उरले. जाहिरातीचे पैसे दुसऱ्या फेरीपासून वसूल होतात. त्यामुळे दुसरी फेरी होईल याची सोय लावण्याआधी पहिल्या फेरीसाठी जाहिरात करणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

दुसऱ्या फेरीची सोय अगदी साधी असते. गॅरेजवाले ऑइल बदललं की तारखेचं स्टिकर लावतात, तेच आम्ही इनडोअर युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावतो: आमचा नंबर, आजची तारीख, पुढची तारीख. पुढच्या वेळी फिल्टर धुवायला झाकण उघडलं की समोर नंबर. दुसरं म्हणजे वही. कुणाकडे किती टनाचा कोणता एसी, कुठल्या खोलीत, शेवटचं काम काय झालं, घरी कुत्रा आहे का, दुपारी बाळ झोपतं का. पुढच्या वेळी "काकू, बाळ झोपायच्या आधी अकराला येऊ का?" असं विचारता येतं. याला कोणी मार्केटिंग म्हणणार नाही, पण काकू दुसऱ्या कुणाला बोलावत नाहीत हे मी पाहिलंय.

व्हॉट्सअ‍ॅपचा एक बारकावा इथेच सांगतो, कारण अनेकांची त्यात फसगत होते. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच पोचतो. तुम्ही पाचशे नंबर गोळा केलेत आणि पन्नास जणांनीच तुम्हाला सेव्ह केलंय, तर मेसेज पन्नासांनाच गेला. म्हणून काम संपल्यावर टेक्निशियन म्हणतो, "काका, नंबर सेव्ह करून ठेवता का? पाणी गळलं तर थेट फोटो पाठवा." कारण दिलं की माणूस तिथल्या तिथे सेव्ह करतो. आणि वर्षातून चार-पाचपेक्षा जास्त मेसेज टाकू नयेत. रोज शुभ सकाळ पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात.

आमच्याकडे येणारी बहुतेक नवी कामं एका वाक्यातून येतात. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'चांगला एसीवाला आहे का कुणाकडे?' त्याखाली जे पहिलं नाव पडतं, त्याला काम. हे नाव टाकणारा माणूस स्वतःची पत पणाला लावत असतो. उद्या काम बिघडलं तर लिफ्टमध्ये शेजारी त्यालाच ऐकवणार. म्हणून आमचं नाव घेणाऱ्याला आम्ही कमिशन देत नाही. पैसे घेतले हे शेजाऱ्याला कळलं, तर त्याच्या शब्दाची किंमत जाते, आणि आमचीही. त्याऐवजी त्यानं पाठवलेलं काम आम्ही आधी करतो आणि संपल्यावर त्याला फोन करून सांगतो, "तुमच्या देशपांडे काकांचं झालं बरं का." त्याचा शब्द राखला गेला, हेच त्याला हवं असतं.

यावरून आणखी एक शिकलो: पसरू नका, एका भागात घट्ट बसा. डोंबिवलीतून ठाण्याला एक आणि कल्याणला एक काम घेतलं, तर पाचाऐवजी तीनच कामं होतात, आणि दोन अनोळखी सोसायट्यांत एकेकच घर ओळखीचं होतं. तीच कामं एका सोसायटीत झाली, तर वॉचमन नावानं ओळखतो, सेक्रेटरी जिन्यात भेटतात, आणि ग्रुपवर नाव टाकणारे एकाचे पाच होतात.

ज्यांना ग्रुप नाही, ते गुगलवर शोधतात. जवळपासच्या धंद्यांची क्रमवारी तीन गोष्टींवर लागते, असं गुगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा संबंध, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. संबंध हातात आहे: गुगलवरच्या तुमच्या धंद्याच्या प्रोफाइलवर योग्य वर्ग निवडा, सेवा एकेक करून लिहा, कामाचे स्वतः काढलेले फोटो टाका, नेटवरून उचललेले नकोत. प्रसिद्धीत अभिप्राय येतात. पाच तारे देऊन 'व्हेरी गुड' लिहिलेल्या अभिप्रायाचा वाचणाऱ्याला उपयोग नसतो. म्हणून मागताना विचारा: "काय बिघडलं होतं आणि आम्ही काय केलं, एवढं दोन ओळींत लिहाल का?" पैसे किंवा सूट देऊन अभिप्राय घ्यायला गुगलची मनाई आहे, आणि ते चूकही आहे. वाईट अभिप्राय आला तर त्याखाली भांडू नका. तुमचं उत्तर तो लिहिणारा वाचेल न वाचेल, पुढची शंभर माणसं वाचणार आहेत.

वाईट प्रसंग येतातच. आमच्याकडे कामाला असलेल्या एका मुलानं एसीखालची पिशवी नीट बांधली नाही आणि काळं पाणी नव्या सोफ्यावर सांडलं. तो घाबरून 'सुकेल' म्हणून निघून आला. संध्याकाळी त्या घरच्या ताईंचा फोन आला, आवाज रडवेला. आम्ही दोघं भाऊ तासाभरात तिथे गेलो, चूक आमची म्हणालो, सोफा धुवायला दिला आणि 2,800 रुपये आम्ही भरले. त्या दिवशी चार कामांच्या बिलाचे पैसे गेले. ताई आजही आमच्याकडेच आहेत, आणि हा किस्सा त्या स्वतःच लोकांना सांगतात. नीट झालेल्या कामाचा किस्सा होत नाही. आता प्रत्येक मुलाला अधिकार दिलाय: हजार रुपयांपर्यंतचं नुकसान असेल तर मला न विचारता तिथेच भरून द्यायचं.

एक इशारा. वकील, डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. जाहिरात करून काम मिळवण्यावर त्यांच्या त्यांच्या परिषदांचे निर्बंध आहेत. वकिलांसाठी बार कौन्सिलचा नियम 36 आहे. त्यांनी आधी ते नियम वाचावेत.

आता सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, जाहिरातीला हात लावू नका, जुनी बिलं काढा. वर्षाभरात ज्यांच्याकडे काम केलं, त्यांतली तीस नावं एका कागदावर लिहा आणि रिकाम्या महिन्यात रोज तीन फोन करा. विकायला नको, विचारायला. आमचा फोन असा असतो: "नमस्कार, मागच्या मार्चमध्ये तुमच्या बेडरूमचा एसी केला होता. नीट चाललाय ना? पाणी वगैरे गळत नाही ना?" मग गप्प राहायचं. निम्मे लोक म्हणतात, ठीक आहे. काही जण म्हणतात, बरं झालं फोन केलात, हॉलचा आवाज करतोय. आणि एखादा म्हणतो, गळत होता, दुसऱ्याला बोलावलं. त्याला विचारायचं, आम्हाला का नाही बोलावलंत? त्याचं उत्तर वहीत जसंच्या तसं लिहून घ्यायचं. आमच्या वहीत असं पहिलं उत्तर आहे, 'तुमचा नंबर सापडला नाही.' झाकणाच्या आतलं स्टिकर त्यानंतर आलं.